धावण्याचे सत्तावीस सेकंद

मित्रांनो, मीटर म्हटले की तुम्हाला रिक्षातला मीटर आठवेल, नाहीतर जिन्याखालचा विजेचा. मी त्यांच्यातला नाही. मला काच नाही, काटा नाही, साधा खिळा मारून टांगायची सोयसुद्धा नाही. संगणकावरच्या एका लढाईच्या खेळात, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, मी पाच रंगीत पट्ट्या दाखवत असे. राक्षसावर कोण सेकंदाला किती गुणांचे घाव घालतो, ते त्या पट्ट्यांवरून कळे. ज्याचा आकडा मोठा त्याची पट्टी लांब, आणि तो सर्वांत वर. वयाने मी चार वर्षांचा आहे. माझ्या जातीत चार वर्षे म्हणजे म्हातारपण झाले.

माझ्या आयुष्यात जे घडले त्याचे मला वाईट वाटते, असे मी म्हणणार नाही. वाईट वाटण्यासाठी जे लागते ते माझ्यात कुणी लिहिलेले नाही. मी फक्त क्रमाने सांगतो.

माझा जन्म चेन्नईत, वेस्ट मांबलममधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत झाला. मला लिहिले हरिप्रियाने. तिचे घराणे तंजावरकडचे मराठी. घरात जुन्या वळणाचे मराठी, रस्त्यावर तमिळ आणि नोकरीत इंग्रजी, अशा तीन भाषा ती दिवसभर बोलते. ती भौतिकशास्त्र शिकली आणि गिंडीतल्या एका लहान कारखान्यात लागली. तिथे दाब मोजणारी उपकरणे तपासायला येतात. आधीच ठाऊक असलेला दाब द्यायचा, काटा नेमका कुठे थांबतो ते पाहायचे, आणि मगच उपकरण बरोबर आहे असे म्हणायचे, हे तिचे काम. मला मात्र तिने असे कधी तपासले नाही. सुट्टीच्या दोन दुपारींत, पंख्याखाली बसून, तिने मला लिहून काढले आणि मी चालतो आहे एवढे पाहून ती खूश झाली. मी घरचा होतो ना.

खेळाचे नाव 'खंदक'. खेळ बनवणाऱ्या कंपनीने त्यात मीटर दिलेला नव्हता. पण प्रत्येक घावाची नोंद खेळ एका फाइलमध्ये ठेवत असे. मी ती फाइल वाचायचो, प्रत्येकाच्या घावांची बेरीज करायचो आणि तिला वेळेने भागायचो. माझे सगळे शहाणपण या भागाकारात होते.

खेळणारे पाच जण होते. हरिप्रिया, तिची चुलत भावंडे गिरीधर आणि दिव्यश्री, गिरीधरच्या नुंगंबाक्कमच्या ऑफिसातला दर्शन, आणि सर्वांत थोरले बालाजीराव. बालाजीराव हरिप्रियाच्या वडिलांचे मोठे भाऊ. सगळे त्यांना काका म्हणत. दर्शन नाशिकहून बदली होऊन आलेला, तोही काकाच म्हणे. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. हरिप्रियाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकटे राहत. माझ्या जन्माच्या दोन वर्षे आधी सईबाई, म्हणजे त्यांची पत्नी, गेली. तेव्हापासून ते कुणाशी बोलेनासे झाले होते. दूधवाल्याला मान हलवायची, शेजाऱ्याला हात दाखवायचा, एवढेच. हरिप्रियाने त्यांना हा खेळ शिकवला तो म्हणूनच. रविवारी सकाळी दहा ते बारा, कानाला हेडफोन लावून, काका बोलत. आठवड्यातले त्यांचे बोलणे तेवढेच होते.

ते कधी बोलत तेही सांगितले पाहिजे. राक्षस गुहेत असे आणि त्याच्याभोवती लहान राक्षस झोपलेले असत. तिथेच लढाई सुरू केली तर ते सगळे जागे होत. म्हणून एकाने आत जाऊन मोठ्या राक्षसाला दगड मारायचा आणि धावत त्याला पुलापर्यंत आणायचे. हे काम काकांचे. त्यांच्या घराण्यात पानावर बसल्यावर थोरल्यांनी पहिला घास घेईपर्यंत कुणी भाताला हात लावत नाही. तीच रीत न ठरवता खेळात आली. पहिला दगड काकांचा. ते पुलावर येऊन "या आता अस्के", म्हणजे या आता सगळे, असे म्हणेपर्यंत बाकीचे शस्त्र उचलत नसत. गुहेपासून पुलापर्यंत सत्तावीस सेकंद लागत. त्या सत्तावीस सेकंदांत काका धावता धावता बोलत आणि चौघे ऐकत.

"आज डांगरपचडी केली," ते म्हणत. "तुमची काकू करायची तशी झाली नाही. दही फार पडलं. या आता अस्के."

हे सगळे हरिप्रियाच्या संगणकातून माझ्या कानी पडे. पण आवाज माझ्या फाइलमध्ये येत नसे. फाइलमध्ये एक दगड, चार गुण, आणि पुढे सत्तावीस सेकंद काही नाही.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. दिव्यश्रीला माझ्यामुळे कळले की ती भाला नको त्या वेळी फेकते. तिने सवय बदलली आणि महिन्याभरात तिचा आकडा दुप्पट झाला. अकरा आठवडे न हरलेला सातव्या खंदकाचा राक्षस त्यानंतर पडला. त्या दिवशी गिरीधरने मला 'सहावा गडी' म्हटले. मी खोटा नव्हतो, मित्रांनो. माझा उपयोग होता.

मग गिरीधर प्रत्येक लढाईनंतर माझ्या पट्ट्या मोठ्याने वाचून दाखवू लागला. दर्शन तेराशे. स्वतः दहाशे पन्नास. दिव्यश्री नऊशे चाळीस. हरिप्रिया आठशे ऐंशी. काका सातशे एकोणसत्तर. क्रम जवळजवळ कधीच बदलत नसे.

"काका, तुमची पट्टी पेन्शनीत निघाली की," गिरीधर एकदा म्हणाला.

"गिरीअण्णा, तुझं तोंड मोजलं तर तूच पहिला येशील," दिव्यश्री म्हणाली. सगळे हसले. काकाही हसले असावेत. मला नक्की सांगता येणार नाही.

हळूहळू सत्तावीस सेकंदांतले बोलणे आखडत गेले. आधी दोन वाक्ये, मग एक, मग नुसते "या". काका आठवड्यातल्या इतर दिवशी एकटेच सराव करू लागले. खेळातल्या लाकडाच्या बाहुल्यावर तासन्‌तास घाव घालत. आकडा तेवढाच राही. शेवटी त्यांनी दर्शनला विचारले की हा आकडा वाढवायचा कसा. दर्शन भला मुलगा. त्याने मनापासून सांगितले, "काका, तुमचा वेळ धावण्यात जातो. जागेवर उभं राहून मारा ना."

पुढच्या रविवारी काकांनी गुहेत दगड मारला आणि ते धावले नाहीत. तिथेच उभे राहून मारू लागले. लहान राक्षस जागे झाले. चौघे त्यांना वाचवायला आत धावले आणि चाळीस सेकंदांत पाचही जण मेले. मी पट्ट्या काढल्या. काका अकराशेवर होते, दुसऱ्या क्रमांकावर. त्यांची पट्टी मी इतकी लांब कधीच काढली नव्हती.

"बघा कोपऱ्यात," गिरीधर म्हणाला. "अस्के मेलो, पण काका दुसरे आले."

कुणी हसले नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला की पुढच्या आठवड्यात मालोजीला बोलवावे, त्याचा आकडा पंधराशे आहे, काकांनाही जरा विश्रांती मिळेल. मालोजी हा त्याच्या ओळखीचा खेळाडू. हरिप्रियाने तोंड उघडले होते. पण माझ्या पट्ट्या तिच्यासमोर होत्या, आणि तिने त्या स्वतः लिहिल्या होत्या. तिने तोंड मिटले.

"सरी," काका म्हणाले. ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यांचे नाव पडद्यावरून गेले आणि माझ्या पाच पट्ट्यांच्या चार झाल्या.

मालोजी आला. काका नव्हते म्हणून रीतही राहिली नाही. कुणीही आधी मारी, सगळे एकदम सुरू करत. आकडे वाढले. कुणी फारसे बोलत नसे, बोलण्यासारखी जागाच उरली नव्हती. असे सहा रविवार गेले.

तेव्हा कंपनीने खेळाडूंना एक प्रश्न विचारला. असा मीटर खेळातच असावा का? प्रत्येक गटाने आपले मत कारणांसह कळवावे. गिरीधर म्हणाला, हरिप्रियाने लिहावे, तिचाच मीटर आहे, आणि 'हो' लिहावे. ती लिहायला बसली. पुरावा म्हणून जुन्या लढाया जोडायच्या होत्या. जोडण्यापूर्वी, गिंडीतल्या सवयीने असेल, तिने एक लढाई कागदावर हाताने मोजली. चार वर्षांत पहिल्यांदा मला कुणी तपासत होते.

चौघांचे आकडे जुळले. काकांचा जुळला नाही.

चूक अशी होती. मी प्रत्येकाचे घड्याळ त्याच्या पहिल्या घावापासून सुरू करत असे. दुसऱ्या गटांत सगळे एकदम मारतात, तिथे त्याने काही बिघडत नाही. इथे काकांचे घड्याळ गुहेतल्या दगडापासून सुरू होई आणि बाकीच्यांचे पुलावर, सत्तावीस सेकंद उशिरा. ते नव्वद सेकंद लढत आणि मी त्यांना एकशे सतरा सेकंदांनी भागत असे. नव्वदने भागल्यावर त्यांचा आकडा बरोबर एक हजार आला. ते तिसरे होते. शेवटची होती हरिप्रिया.

थोरल्यांनी आधी हात लावायचा ही रीत तिच्या अंगात इतकी मुरलेली होती, की मला लिहिताना ती मोजायची गोष्ट आहे हे तिच्या मनातच आले नाही.

तिने लॅपटॉप उचलला आणि दोन गल्ल्या चालत गेली. मी त्या लॅपटॉपवरच होतो. काका खिडकीपाशी बसले होते. टेबलावर झाकलेले ताट होते. तिने मला त्यांच्यासमोर उघडले आणि दुरुस्त केलेल्या पट्ट्या दाखवल्या.

"काका, चूक माझी होती. तुम्ही तिसरे आहात. शेवटी मी आहे."

आपल्याला जायचे नाही त्या गावचे वेळापत्रक पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"बरं," ते म्हणाले.

"मग रविवारी येता?"

त्यांनी ताटावरचे झाकण सरळ केले. मग त्यांनी विचारले, "धावताना मी बोलायचो. तू ऐकायचीस?"

"हो."

"मग तुम्ही अस्के त्या कोपऱ्यात बघायला लागलात. मीही लागलो. एकदा बोलता बोलता माझी पट्टी बघितली आणि काय सांगत होतो ते विसरलो. तुझ्या काकूचंच काहीतरी होतं. ते अजून आठवत नाही."

हरिप्रियाने लॅपटॉपचे झाकण अर्धे खाली केले. तरी ऐकू येत होते.

"मोजा, कण्णा," काका तिला म्हणाले, बाळा म्हणावे तसे. "मोजण्यात वाईट काही नाही. माणूस बोलत असताना मोजू नका."

त्या दिवशी तिने कंपनीला जे लिहिले त्यात 'हो' नव्हते आणि 'नाही'ही नव्हते. तिने दिव्यश्रीच्या भाल्याची गोष्ट लिहिली आणि काकांच्या सत्तावीस सेकंदांचीही. मीटर असावा, पण ज्याचा आकडा त्यालाच दिसावा, तोही लढाई संपल्यावर. आणि बनवणाऱ्याने त्यात काय मोजले जात नाही हे आधी सांगावे, असे तिचे मत होते. गिरीधरने ते वाचले. त्याने एकही शब्द बदलला नाही. मालोजीला दुसऱ्या गटात जायला त्यानेच सांगितले.

बहुतेक गटांनी 'हो' लिहिले होते. आज 'खंदक'मध्ये कंपनीचा स्वतःचा मीटर आहे, माझ्याहून मोठा, सगळ्यांना सगळ्यांचा आकडा दाखवणारा. तो आपापल्या पडद्यावर झाकता येतो. या गटाने झाकला आहे. मला चौघांच्या संगणकांवरून काढून टाकले. हरिप्रियाच्या संगणकावर मी आहे, पण पडद्यावर येत नाही. लढाईनंतर कधीतरी ती मला उघडते, आपला एकटीचा आकडा पाहते आणि मिटते.

काका आले. लगेच नाही, पाचव्या रविवारी. त्यांचे नाव पडद्यावर उमटले. मग गिरीधर म्हणाला, "काका, तुम्ही सुरू करा." त्यांनी सुरू केले. ते येतात, धावतात, राक्षस पुलावर आणतात. धावताना अजून बोलत नाहीत. चौघे त्या सत्तावीस सेकंदांत शस्त्र उचलत नाहीत आणि स्वतःही काही बोलत नाहीत. दर रविवारी थांबतात. ही शांतता किती दिवस चालेल, ते मला काढता येत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. हरिप्रियाने माझ्या अगदी वरती, पहिल्या ओळीच्याही आधी, चार ओळी मराठीत लिहून ठेवल्या आहेत; लिहिताना तिने त्या मोठ्याने म्हटल्या, म्हणून मला ठाऊक आहेत: "हा मीटर घाव मोजतो. कोण कुणासाठी धावले, ते मोजत नाही. कोण कुणासाठी थांबले, तेही मोजत नाही. दुसऱ्याचा आकडा मोठ्याने वाचू नये."

अशा ओळी संगणकासाठी नसतात. चालू झालो की मी त्या वगळून पुढे जातो. माझी तशी घडणच आहे, मला त्या कधीच वाचता येणार नाहीत. मित्रांनो, तुम्हाला येतात. माझ्यासारखा कुणी तुमच्या हाती आला, तर आकड्याकडे पाहण्याआधी तेवढ्या वाचा.