पान्हा चोरणारी

अंगणात दोरीभर ओले लंगोट वाळत होते. त्यांच्याखालून वाकून आत येणारी प्रत्येक बाई मानेवर पडलेलं पाणी पदरानं पुसायची आणि विचारायची, दूध पुरतंय का बाळाला? दूध पुरत नसेल तर बाळ इतके लंगोट भिजवतं कसे, हे काही तिच्या डोक्यात शिरायचं नाही.

ज्ञानेश्वरीला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण उमरग्याजवळ सासरीच झालं. लेक आठवड्याची झाली नाही तोच बायकांनी निकाल देऊन टाकला. शेजारच्या महादेवीकाकूंच्या मते सून अंगानं बारीक, म्हणून दूध कमी. धुरपताबाईंच्या मते बाळ रडतं, म्हणून कमी. ते निजलं असतं तर भुकेनं गळालं, असंही त्यांनीच सांगितलं असतं. चहा पीत, बाजेभोवती बसून, बाजारात जनावर पारखावं तशा त्या तिला पारखत होत्या. दात बघायचे तेवढे राहिले होते.

त्यांच्या नजरेखाली ज्ञानेश्वरी आखडून जायची. बाळ पिणं सोडून किंचाळायचं. की झाल्या यांच्या माना हलायला सुरू.

शेवटी सासूनं, बानूबाईंनी, तोंड उघडलं. जन्म म्हशींत गेलेला. "सून पान्हा चोरती," त्या म्हणाल्या, आणि पावडरीचा डबा न् बाटली आणायला त्यांनी लेकाला, कुमारला, उमरग्याला पिटाळलं. त्यानं गाडीला किक मारली.

बाळ अंगावर जेवढं ओढेल तेवढं दूध येईल, बाटलीची सवय लागली तर खरंच आटेल, असं दवाखान्यातल्या सिस्टरनं ज्ञानेश्वरीला बजावलं होतं.

"आत्याबाई, म्हस पान्हा कवा चोरती?" तिनं सासूला विचारलं.

म्हशीचं विचारलं की बानूबाईंना राहवत नसे. "गोठ्यात परकं माणूस शिरलं की. धारेच्या वक्ताला म्या कुणाला दाराशी बी उभं करत न्हाय."

"मग ह्या कोण हायत?"

बशीतला चहा फुरकायचा थांबला. बानूबाईंनी एकेकीकडं पाहिलं. मग दारातून ओरडून कुमारला गाडी बंद करायला सांगितली.

"उठा बायांनो. धारेचा वकुत झाला."

"म्हशी तर अजून रानातच हायत की," महादेवीकाकू म्हणाल्या.

"म्हशीचं कोण बोलतंय?"

बायका पुन्हा लंगोटांखालून वाकून गेल्या. बानूबाई आत पाठ करून उंबऱ्यावर बसल्या. बऱ्याच वेळानं मागून बाळाच्या घुटक्यांचा आवाज येऊ लागला. मग ज्ञानेश्वरीनं आणखी एक ओला लंगोट त्यांच्या हाती दिला.