रिकामा पाळणा आणि धपाटे

ओळखलंत ना, मित्रांनो? जुना लाकडी पाळणा तो मीच. सावंतवाडीच्या सुताराने मला घडवलं, लाल-हिरवा रंग दिला आणि चार कोपऱ्यांवर चार राघू बसवले. त्यांतल्या एकाची चोच विमानप्रवासात गेली. आता मी जर्मनीत, न्युरेम्बर्गला, उल्काताईंच्या केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, हिवाळी टायरांच्या शेजारी राहतो. टायर गप्प असतात, एवढं त्यांचं बरं आहे. माणसांचं तसं नाही.

उल्काताई आणि शिरीषरावांनी मला हौसेने आणलं होतं. त्यांना मूल झालं नाही. का, ते मी सांगणार नाही; सतरा वर्षांत नको तितक्या लोकांनी विचारलंय. पण ताईंनी मला अडगळीत टाकलं नाही. इथल्या मराठी घरांत बारसं निघालं की स्टँडसकट मला घेऊन जातात. एकतीस बाळं माझ्यात निजली. दर वेळी ताई कड्यांना तेल घालतात आणि मला रिकामाच हलवून कान देतात. झिजलेली कडी तेव्हाच कुरकुरते. एकदा बाळाने भोकाड पसरलं की कडीचं कोण ऐकतो?

बारसं सुरू झालं की ताई मागे. कुणी "बाजूला व्हा" म्हणत नाही. गोड आवाजात म्हणतात, "उल्काताई, जरा चहाचं बघता का?" एकतीस वेळा ताईंनी चहाचं बघितलं. मला संताप यायचा.

यंदा ईश्वरीच्या मुलीचं बारसं होतं. ईश्वरी ताईंच्याच ऑफिसातली. सहा महिन्यांनी कामावर जाणार म्हटल्यावर शेजारच्या जर्मन आजींनी तिला 'कावळी आई' ठरवलं होतं. पिल्लं टाकून जाणाऱ्या आईला इथे तसं म्हणतात. तिच्या सासूबाई, शुभाकाकू, बारशासाठी पुण्याहून आल्या होत्या.

ताईंनी मला हलवलं मात्र, काकू धावत आल्या.

"अहो, रिकामा पाळणा हलवू नये! बाळाला बाधतं. आणि त्यातून तुम्ही..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. उरलेलं सगळ्यांना ऐकू आलं. ताईंचा हात कडीवरून निघाला आणि त्या चहाकडे वळल्या.

"उल्काताई, थांबा," ईश्वरी म्हणाली. "अहो आई, प्रणवला बहीण नाही. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या हवी. ती उल्काताई होणार."

"अगं, एखादी लेकुरवाळी बघ ना. एवढ्या जणी आहेत."

"मी लेकुरवाळीच आहे ना, आई? तरी मी कावळी! मूल नसलं तरी बोलणी, असलं तरी बोलणी. माझ्या मुलीच्या बारशाला हे चालणार नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ईश्वरीचा नवरा प्रणव म्हणाला आणि आईकडे न बघता फुगा फुगवत राहिला.

ताई परत आल्या. त्यांनी कडीवर हात ठेवला.

"काकू, आधी मी कडी ऐकते. मग आत्या होते."

आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी मला रिकामाच हलवलं, चांगले लांब झोके देऊन. मित्रांनो, माझा ऊर आनंदाने भरून आला, पण मी मुद्दाम एवढासुद्धा कुरकुरलो नाही.

मग बाळ माझ्या कुशीत आलं. ताई वाकल्या. "कुर्र" करून त्यांनी त्याच्या कानात नाव सांगितलं, ईप्सिता. आत्याने नाव सांगितलं की तिच्या पाठीवर धपाटे पडतात, ही आपली रीत. क्षणभर सगळ्या घुटमळल्या. पहिला धपाटा ईश्वरीने घातला. मग असे काही बसले की माझे राघूसुद्धा हादरले.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा, कड्यांना तेल घाला, रिकामा हलवायला बिलकूल भिऊ नका. पण माझ्याजवळ उभ्या असलेल्या बाईला मुलं किती, हे विचारून तिची जागा ठरवणार असाल, तर मला टायरांपाशीच राहू द्या.

ताईंची पाठ दोन दिवस दुखत होती. आणि हो, त्या दिवशी चहाचं शुभाकाकूंनी बघितलं.