एका थेंबाआधी

टप्. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला. माझ्या लेकीची, ओपलची, दुपारची झोप अजून पुरी व्हायची होती, म्हणून मी धावत जाऊन खाली कपडा ठेवला.

"ब्रिटा, तो नळ तरी गप्प कर ना," माझी बहीण मार्नी पुटपुटली. तिच्यासमोर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर एकच बटण: कोर्समधून नाव काढा. मुदत आज पाचपर्यंत. त्यानंतर मिळेल ती श्रेणी कॉलेजच्या नोंदीत कायमची, आणि मार्नी अजून शाळेच्या अकरावीत.

शाळेत असतानाच कॉलेजचं रसायनशास्त्र घ्यायचा हट्ट तिचाच. आता मात्र तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. टेबलाखाली सारखा हलत होता.

"काल काय झालं, सांगशील का?"

"मापात चोवीस पॉइंट सहा लिहिलं. चोवीस पॉइंट सहा शून्य हवं होतं म्हणे! एका शून्याचे गुण कापले. शाळेत म्हणाले असते, चालतंय गं. वर वर्गातला तो दाढीवाला मुलगा म्हणतो, बाळा, तुझी शाळेची पिवळी बस आली बघ."

मला हसू आलं, मग वाईट वाटलं. ते शून्य म्हणजे, मी इथपर्यंत नीट पाहिलंय, अशी ग्वाही असते. मला ठाऊक आहे. मीही हाच कोर्स घेतला होता. ओपल पोटात होती म्हणून अर्ध्यावर सुटला. म्हणूनच तर 'सोडू नकोस' म्हणायला जीभ उचलेना. ते तिच्यासाठी म्हणणार होते की माझ्यासाठी?

"आणि सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा. रंग पालटला, की त्याच थेंबाला थांबायचं. माझं दर वेळी पुढे जातं."

"मग घरी करून बघ."

"कशानं? तुझ्या सूपनं?"

मी जांभळा कोबी उकळला. त्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला, तसं ते निळं झालं. ओपलच्या तापाच्या औषधाचा ड्रॉपर धुऊन त्यात व्हिनेगर भरला. मार्नी नाक मुरडत उठली, पण उठली. एकेक थेंब. ग्लास हलव. एकेक थेंब. निळ्याचं जांभळं झालं.

"थांब!" मी म्हणाले.

"थांबलेय गं! ओरडतेस काय!"

ओरडण्यानं ओपल जागी झाली. उशीचे वळ गालावर घेऊन आली, खुर्चीवर चढली आणि कोणी काही म्हणायच्या आत ड्रॉपर घेऊन सगळा पिळला. पाणी गुलाबी झालं.

"बघ मम्मा, मी केलं!"

"जास्त झालं, चिमणे," मार्नी हसली. कितीतरी दिवसांनी. "आधीच थांबायचं होतं."

"आधी म्हणजे कधी?"

"रंग पालटायच्या एका थेंबाआधीच हात आवरायचा, म्हणजे पुढे जात नाही."

मार्नीनं घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच. बटणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी ओपलचे हात पुसत राहिले. तिनं बटण न दाबताच लॅपटॉप मिटला आणि कोबीचं भांडं पुढे ओढलं.

"दुसरा ग्लास दे, ब्रिटा."

मी दिला. बरोबर केलं का तिनं, की मी नुसती गप्प राहून तिला ढकललं?

ओपल माझी बाही ओढत होती.

"मम्मा, रंग अजून पालटलाच नाही, तर आता थांबायचं हे कळतं कसं?"