डाव्या पायातला मोजा

पट्टीबाईंच्या तोंडी लागू नये, असं दवाखान्यात शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे म्हणत. जखमा धुऊन पट्ट्या बांधायच्या खोलीत त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती, तीही बहुतेक लोकांच्या पायांशी. चिघळलेले, साखरेच्या आजारानं काळे पडलेले, घरचेही ज्यांना हात लावायला धजत नाहीत असे पाय. हात मऊ आणि जीभ तिखट, अशी बाई. त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

चर्चमध्येही त्यांचा वाटा ठरलेला. प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीची उपासना दर वर्षी व्हायची आणि येशूनं शिष्यांचे धुतले तसे त्या संध्याकाळी चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, मंडळीतल्या बारा जणांना खुर्च्यांवर बसवून त्यांचे पाय धुवायचे. टब, जग, टॉवेल, किटलीतलं गरम पाणी, सगळं पट्टीबाईंकडे. गंमत अशी, की ते बारा जण आदल्या दिवसापासूनच टाचा घासायला बसत. नखं कापून, पावडर लावून धुऊन घ्यायला येत! "धुतलेलेच पाय धुवायचे तर पाणी कशाला वाया घालवता?" असं पट्टीबाई दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी किटली चढवत. धुवायचा तोही एकच पाय, उजवा. दोन्ही धुवायचे म्हटले तर उपासना संपायची नाही.

यंदा बारा नावांची यादी लागली आणि ती वाचून त्या तडक पाळकांच्या खोलीत शिरल्या. पाळक जमिनीवर उताणे पडले होते. सकाळी बाक सरकवताना त्यांची कंबर धरली होती, पाठीखाली गरम पाण्याची पिशवी होती.

"हा माणूस यादीत कसा?"

हा माणूस म्हणजे पट्टीबाईंचा बाप. कुठे कुठे भटकून म्हातारपणी परत आला होता, चर्चचं अंगण झाडायचा, मागच्या खोलीत राहायचा.

"सहा महिने नेमानं येतोय तो," पाळक म्हणाले. "सगळ्यांसमोर उभं राहून आपलं पाप कबूल केलं त्यानं."

"कबूल केलं म्हणजे झालं? माझी आई बावीस वर्षं रडली, तिला कुणी खुर्ची नाही दिली! मी नऊ वर्षांची होते. दारू पिऊन आला आणि उकळत्या पाण्याचं पातेलं लाथेनं उडवलं. माझा डावा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत सोलून निघाला आणि हा शिव्या देत पुन्हा गुत्त्यावर गेला. आईनं मला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. आणि आता देवानं याला माफ केलं म्हणे! चोर सोडून संन्याशाला फाशी. मला विचारलं का देवानं?"

"नाही विचारलं," पाळक म्हणाले. कण्हत ते कुशीवर वळले. "तुम्हीही त्याला माफ करा, असं मी सांगत नाही, बाई. ते मला सांगता यायचं नाही. पण यादीत तुमचंही नाव आहे, ते वाचलंत का?"

रागाच्या भरात ते नाव त्यांना दिसलंच नव्हतं.

"वीस वर्षं पाणी देताय. एकदा घ्या."

"मला काय गरज?"

"तीच तर भानगड आहे," पाळक म्हणाले आणि पुन्हा कळ आल्यामुळे पाठीखालची पिशवी चाचपू लागले.

पट्टीबाईंना चिडायलाही सवड नव्हती, कारण या कंबरेनं पाळक बारा वेळा वाकणार कसे, हा प्रश्न त्यांनाच सोडवायचा होता. त्यांनी तो तिथल्या तिथे सोडवला. एकानं शेजारच्याचा पाय धुवायचा, त्यानं त्याच्या शेजारच्याचा. खुर्च्याही त्यांनीच मांडल्या. यादीत नाव होतंच, तेव्हा पहिल्या खुर्चीवर आपण, बाराव्या खुर्चीवर म्हातारा, मधे दहा माणसांची भिंत. काम चोख झालं, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. पट्टीबाईंनी शेजारच्या शिंप्याचा पाय धुतला, पावडरीचा वास आला तरी काही बोलल्या नाहीत आणि जागेवर जाऊन बसल्या. जग पुढे पुढे सरकत गेला. अकराव्यानं म्हाताऱ्याचा पाय धुतला, टॉवेल त्याच्या हातात दिला. कुणीतरी ताज्या गरम पाण्याचा जग आणि शेजारी गार पाणी आणून ठेवलं. म्हातारा उभा राहिला आणि पुढचा माणूस शोधू लागला. पुढे भिंत होती. मग तो हळूच वळला आणि त्यानं पहिल्या खुर्चीकडे पाहिलं. सगळ्या मंडळीनं पाहिलं.

इतकी हुशार बाई, पण पहिल्या खुर्चीतल्या माणसाचा पाय कोण धुणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपलाही पाय धुवायचा असतो, हेच त्या विसरल्या होत्या.

म्हातारा येऊन गुडघ्यावर बसला.

"माझे नकोत," पट्टीबाई म्हणाल्या. "मी घरून धुऊन आलेय."

"सगळेच धुऊन आलेत, बाई," बाकावरून पाळक म्हणाले. दोन-चार जण हसले. पट्टीबाई हसल्या नाहीत.

म्हाताऱ्यानं जग उचलला, पण ओतला नाही. आधी मनगटावर थोडं पाणी घेतलं. थांबला. गार पाणी मिसळून पुन्हा मनगटावर घेतलं. पुन्हा मिसळलं, तिसऱ्यांदा घेतलं. मागे लोक चुळबुळ करायला लागले. तो का थांबतोय, हे त्यांना कळत नव्हतं; पट्टीबाईंना कळत होतं.

पट्टीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तेव्हा बघायचं होतंत!" त्या म्हणाल्या, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात.

"हो," म्हातारा म्हणाला. नशेत होतो, तरुण होतो, असलं काहीच बोलला नाही. मान खाली घालून त्यानं त्यांच्या उजव्या पायाकडे हात नेला.

पट्टीबाईंना लहानपणीची ती दवाखान्यातली खोली आठवली. पांढऱ्या टोपीतली, नाव माहीत नसलेली सिस्टर. तिनं विचारलं नव्हतं, पोरी, तू कोणाची, तुझी लायकी काय. नऊ वर्षांच्या पोरीनं काहीच कमावलं नव्हतं. नुसता पाय पुढे केला होता. त्यानंतर मात्र त्यांनी कुणापुढेच पाय केला नव्हता, देवापुढेही नाही. देवाला त्या फक्त पाणी आणून देत होत्या.

त्यांनी उजवा पाय मागे घेतला. उन्हाळ्यातही न उतरणारा डाव्या पायातला मोजा त्यांनी सगळ्यांसमोर ओढून काढला. चुरगळल्यासारखी चकचकीत कातडी, करंगळी शेजारच्या बोटाला चिकटलेली.

"धुवायचा तर हा धुवा."

म्हातारा रडायला लागला. पाणी मात्र त्यानं सांडू दिलं नाही. ते त्या कातडीवरून खाली आलं, तेव्हा ना गरम होतं ना गार. हे देणं देवाकडून आलंय, म्हाताऱ्याकडून नाही, याच्याकडे द्यायला कधी काही नव्हतंच, हे पट्टीबाईंना स्पष्ट कळलं. राग जिथल्या तिथे होता. त्यांचेही डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

म्हातारा घाईघाईनं टॉवेल फिरवून उठायला लागला.

"बोटांच्या मधेही पुसा," त्या रागानंच म्हणाल्या आणि पाय तसाच पुढे ठेवला.