अश्रूंबाबत दक्षता घ्यावी

"वाचा, तुम्हीच वाचा," हेडसर म्हणाले आणि त्यांनी परिपत्रक टेबलावरून पुढे सरकवले. "मी वाचलं तर म्हणाल, सरांनी पदरचं घातलं."

बाईंनी चष्मा लावला. शाळांच्या निरोप समारंभाबाबत शासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. समारंभ दोन तासांत आटोपावा. मुलांना उन्हात उभे करू नये. प्रमुख पाहुण्यांनी सात मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. इथवर बाईंना सरकार बरे वाटले. पाहुण्यांना आवरणारे सरकार त्यांनी आजवर पाहिले नव्हते. मग अकरावा मुद्दा आला. 'विद्यार्थ्यांच्या मनावर ताण येईल अथवा त्यांना अश्रू अनावर होतील अशा स्वरूपाचे निवेदन, कविता, पार्श्वसंगीत इत्यादी कटाक्षाने टाळावे व तशी दक्षता सूत्रसंचालकाने घ्यावी.'

"हे माझ्यावर आहे," बाई म्हणाल्या.

"छे छे! तुमचं नाव कुठे आहे त्यात?"

"नाव नाही, पण चेहरा माझाच आहे."

हेडसरांनी वर पंख्याकडे पाहिले. एखादी गोष्ट कबूल करायची झाली की ते पंख्याकडे पाहत.

बाई भूगोल शिकवत. नद्या कुठून निघतात आणि कुठे मिळतात हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फळ्यावर काढून दाखवले होते, आणि मुलांनी ते पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेनंतर विसरून दाखवले होते. त्या कधी हेडबाई झाल्या नाहीत, कधी कुठल्या समितीवर गेल्या नाहीत. स्टाफरूममधल्या कपाटाचा सगळ्यात खालचा, वाकून उघडावा लागणारा कप्पा त्यांचा होता. वर्षभर त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. पण निरोप समारंभाचा दिवस उजाडला आणि माईक हातात आला, की मग बाई म्हणजे बाईच.

"बाळांनो," अशी त्या सुरुवात करत, अगदी हळू. "उद्या सकाळी तुमचा बाक तुमची वाट पाहील..." बाकाचे नाव निघताच पुढच्या रांगेतल्या मुलींचे डोळे भरत. मग मधल्या सुट्टीतल्या डब्याचा विषय निघे आणि मुलगे विरघळत. मागच्या रांगेतले दांडगट तेवढे तग धरून असत, पण बाई शिपाईमामांच्या शेवटच्या घंटेवर आल्या की त्यांनाही एकाएकी बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकावे लागे. पालक येतानाच दोन-दोन रुमाल घेऊन येत. मुलांनी बाईंचे नाव कांदाबाई ठेवले होते. ते बाईंना ठाऊक होते, आणि खोटे कशाला बोला, त्यांना ते एखाद्या पदवीसारखे वाटे.

नडले ते गेल्या वर्षी. खात्यातले एक मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. बाई घंटेवर आल्या तेव्हा साहेब हुंदका दाबता दाबता खुर्चीसकट मागच्या पडद्यात गेले. आता त्यातूनच अकरावा मुद्दा निघाला असे कोणी कागदावर लिहून देणार नव्हते, पण शाळेत ज्याला त्याला ते कळले होते.

"तर असं आहे बाई," हेडसर म्हणाले. "ह्या वर्षी तपासायला खात्यातल्या एक मॅडम येणार आहेत. एक पोर जरी रडलं तरी शेरा माझ्या माथी. म्हणून म्हणतो, माईक जरा कॉम्प्युटर सरांकडे—"

कॉम्प्युटर सर दारातच उभे होते. ते नवीन होते आणि नेहमी दारातच उभे असत. "मी रेकॉर्डेड आवाज लावीन सर. मशीनचा गळा दाटत नाही," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. वर्षातला एक दिवस. तोही मशीनला? निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. एकदा माईक गेला की तो परत कसला मिळतो! म्हणजे उरली तीन वर्षे नुसत्या नद्या.

"मीच करणार," बाई म्हणाल्या. "आणि एक थेंब पडला तर पुढच्या वर्षी माईक ह्यांचा. मी स्वतः आणून देईन त्यांच्या हातात."

"बघा हं," हेडसर म्हणाले. "कांद्यानं शब्द दिलाय." मग जीभ चावून त्यांनी पुन्हा पंख्याकडे पाहिले.

घरी बाईंनी नवे निवेदन लिहिले आणि ओट्याशी उभे राहून नवऱ्याला वाचून दाखवले. नवरा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला. कुठलीही गोष्ट तो आधी मनातल्या काट्यावर ठेवी आणि मगच बोले.

"'आता प्रमाणपत्रांचे वितरण होईल. विद्यार्थ्यांनी डाव्या बाजूने यावे व उजव्या बाजूने जावे.' कसं वाटतंय?"

"उत्तम. आता गाडी कुठल्या फलाटावर येतेय तेवढं सांग."

"अहो, चेष्टा नको. कोरडं झालंय ना?"

"खडखडीत." त्याने ताट पुढे ओढले. "पण काय गं, तुला पोरांना रडवायचं कशाला असतं?"

"मी कुठे रडवते? रडू त्यांच्या पोटात असतंच. मी फक्त झाकण काढते."

"आणि नसलंच तर?"

"नसेल कसं? इतकी वर्षं एका छपराखाली काढलीत पोरांनी. दगड आहेत का ती?"

नवऱ्याने भाजी वाढून घेतली. "आपला मुलगा नोकरीला परगावी गेला तेव्हा दारात तू काय बोललीस, आठवतंय? 'फोन चार्ज केलास का?' एवढंच. मला वाटलं होतं, आता घंटा येणार, बाक येणार. मी रुमाल घेऊन उभा होतो."

बाईंनी ओटा पुसायला घेतला. त्या दिवशी त्यांना खूप बोलायचे होते. पण समोर माईक नव्हता आणि मुलाला रिक्षाची घाई होती.

समारंभाच्या दिवशी मॅडम वेळेआधी आल्या. पंचविशीच्या असतील, हातात पॅड, पॅडला तक्ता, तक्त्यात रकाने. हेडसरांनी त्यांना स्टेजच्या कडेला पंख्याखाली बसवले. तिथून सगळ्या मुलांचे चेहरे दिसत. प्रमुख पाहुणे या वर्षी बोलावलेच नव्हते. खुर्च्या भक्कम नव्हत्या.

हॉल भरला. पालकांतले बरेचसे बाईंचेच जुने विद्यार्थी होते. सवयीप्रमाणे त्यांनी खिशातून, पर्समधून रुमाल काढून मांडीवर ठेवले. पुढच्या रांगेत गॅरेजवाला बसला होता. दोन माणसांची जागा लागणारा हा आडदांड गृहस्थ शाळेत असताना बाईंच्या पृथ्वीच्या गोलाने फुटबॉल खेळला होता.

बाई माईकपाशी आल्या. 'बाळांनो' म्हणायला उघडलेले तोंड त्यांनी मिटले. "उपस्थित विद्यार्थी व पालक," त्या म्हणाल्या, "शासनाच्या नियमाप्रमाणे मी प्रथम मार्गदर्शक सूचना वाचून दाखवते."

सूचना समारंभाच्या आधी जाहीर वाचाव्यात, अशी परिपत्रकात सगळ्यात वर टीप होती. बाईंना ती देवासारखी धावून आलेली वाटली. परिपत्रक वाचून कधी कोणी रडले आहे?

"सूचना एक," बाई वाचू लागल्या. "सभागृहातील वीजजोडणीची तपासणी करून घ्यावी."

पण आवाज तोच होता. त्याचे काय करणार? इतकी वर्षे हुंदक्याच्या काठाकाठाने चालायची सवय लागलेला गळा, तो वीजजोडणीलाही तसाच गेला. मधल्या रांगेतल्या एका आईने नाक ओढले. बाई दचकल्या आणि त्यांनी वेग वाढवला, तर आवाज आणखीच कापरा झाला.

"सूचना चार. खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे..."

दोन-चार रुमाल वर गेले. बाईंच्या कपाळाला घाम फुटला. त्यांनी भाजीवालीसारखा वरच्या पट्टीतला आवाज लावून पाहिला. "सूचना सहा! पिण्याच्या पाण्याची सोय असावी!" पाण्याचे नाव काढले आणि उजवीकडची अख्खी रांग वाहू लागली.

"सूचना नऊ," बाई आता अगदी काकुळतीला आल्या होत्या. "समारंभ संपल्यावर विद्यार्थ्यांनी... रांगेने... बाहेर पडावे."

गॅरेजवाल्याने हंबरडा फोडला. साधासुधा नव्हे, खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारची त्याची मुलगी शरमेने लाल झाली. "पप्पा! काय हे! सगळे बघतायत!"

"तुला नाही कळायचं गं," तो रुमालात म्हणाला. "रांगेत माझ्या पुढे एक जण असायचा. दिसत नाही आता कुठे."

मागे हेडसरांची पळापळ उडाली. कॉम्प्युटर सर दारातून माईककडे बघत होते. मॅडम उठून हेडसरांपाशी आल्या.

"काय चाललंय हे? विद्यार्थी रडतायत?"

"नाही मॅडम. पालक रडतायत."

मॅडमनी तक्ता वर-खाली पाहिला, उलटून मागे पाहिला. "पालकांचा रकाना नाहीये."

"नाहीये ना?" हेडसरांच्या जिवात जीव आला. "मग रडू दे की, मॅडम. मोकळे होतील बिचारे."

मॅडम जागेवर बसल्या आणि मुलांचे चेहरे निरखू लागल्या. बाईही तेच करत होत्या. आधी भीतीने. एकही डोळा ओला दिसू नये म्हणून त्यांची नजर रांगांवरून भराभरा फिरत होती. मुलांचे डोळे कोरडे होते. पुढची रांग कोरडी, मधली कोरडी, मागची तर आईबापांकडे बोटे दाखवून खिदळत होती. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. माईक वाचला.

प्रमाणपत्रे वाटायला सुरुवात झाली. मुले डाव्या बाजूने आली आणि उजव्या बाजूने गेली. बाई नाव पुकारत आणि मूल समोर आले की त्याच्या डोळ्यांत बघत. आता कशासाठी बघत होत्या, हे त्यांनी स्वतःला विचारले नाही. एक तरी पोर क्षणभर थांबेल, खालचा ओठ दातांत धरील, एवढेच. रडायला नको होते कोणी. पण अडवावे लागेल असे काहीतरी असायला नको का?

शेवटी गोगलगाय आली. नकाशा काढायला तास पुरायचा नाही, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिले होते. भित्री इतकी की राजधानी विचारली तरी डोळ्यांना धार लागे. बाईंनी तिला डोंगरांवरून हात धरून नेले होते, वाळवंटे पार करवली होती. ही तर नक्कीच, बाईंना वाटले, आणि त्यांनी प्रमाणपत्र देताना हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

"थँक्यू बाई!" गोगलगाय म्हणाली. सगळे दात दिसत होते. तिने हात सोडवून घेतला आणि ती उजव्या बाजूने गेली.

समारंभ वेळेआधी संपला. मुले रांगेने दारापर्यंत गेली आणि दाराबाहेर पडताच रांग मोडून ओरडत सुटली. पालक डोळे पुसत त्यांच्या मागून निघाले. गॅरेजवाला बाईंच्या पाया पडला आणि नाक लाल करून गेला.

मॅडमनी तक्ता भरून हेडसरांना दाखवला. 'रडलेल्या विद्यार्थ्यांची संख्या: निरंक.' खाली शेरा होता, 'समाधानकारक. हीच पद्धत पुढे चालू ठेवावी.'

"जिंकलंत बाई!" हेडसरांना हर्ष मावत नव्हता. "सही करा इथे. पुढच्या वर्षीही तुम्हीच, कॉम्प्युटर सरांनी नावच काढायचं नाही. काय पण केलंत! एक पोर रडलं नाही हो, एक सुद्धा!"

"नाही रडलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. सही नेहमीपेक्षा जरा वाकडी आली.

सगळे चहाला गेले. बाई रिकाम्या हॉलमध्ये खुर्चीवर टेकल्या. बाहेरून मुलांचा गलका येत होता, आणि तो नुसता आनंदाचा होता, त्यात दुसरे काही मिसळलेले नव्हते. बाईंना वाईट वाटले. अगदी सरळ, साधे वाईट वाटले. इतकी वर्षे मुलांच्या पोटात आहे असे समजून ज्याचे झाकण काढले, ते रडू मुलांचे होते की आपणच आपले त्यांच्या पोटात ओतले होते? बाईंचे डोळे भरून आले आणि घळघळ वाहू लागले. त्यांनी इकडे तिकडे पाहिले. सगळ्या गावाने दोन-दोन रुमाल आणले होते आणि बाईंकडे एकही नव्हता. त्यांना कधी लागलाच नव्हता.

दारात पावले वाजली. गोगलगाय धापा टाकत उभी होती. ती फाटकापासून पळत परत आली होती. बाई चटकन उठल्या. पदराने तोंड पुसले, घसा साफ केला. मनात शब्द आपोआप रांगेत उभे राहिले.

"बाई, माझी बाटली राहिली," गोगलगाय म्हणाली.

बाटली दुसऱ्या रांगेत खुर्चीखाली आडवी पडली होती. बाईंनी वाकून ती काढली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिले आणि तिच्या हातात दिली. तिने बाईंच्या तोंडाकडे जरा निरखून पाहिले.

"बाई, तुम्हाला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? चांगली आहे मी. पळ, आई वाट बघत असेल."

"येते बाई."

येते म्हणणारी पोरे येतात, येत नाहीत असे नाही. पण येतात ती आपले मूल शाळेत घालायला. त्याला चांगली वीस वर्षे लागतात.

"ये हं," बाई म्हणाल्या, आणि पंखे बंद करायला भिंतीकडे वळल्या.