हरिचंदच्या चूर्णाशेजारी आतड्याचे फोटो

गोरेगावच्या आठवडी बाजारात हरिचंद मूळव्याधीचं चूर्ण विकायचा. त्याच्या पालाला खेटून रूपाबाईनं पोतं अंथरलं, तेव्हा तिच्याजवळ विकायला ना लसूण होता ना मिरची. होता एक कागद. त्यावर तिच्या सुनेच्या, निताच्या, मोठ्या आतड्याचे दुर्बिणीतून काढलेले चार रंगीत फोटो. लालभडक, सुजलेले, जागोजाग सोलवटलेले. कागद उडू नये म्हणून तिनं चार खडे ठेवले अन् मांडी ठोकून बसली.

निताचं दुखणं दीड वर्षाचं. दिवसातून दहा वेळा पळापळ, पोटात पीळ, वर रक्त अन् आव. नांदेडच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून बघितलं आणि सांगितलं, "मूळव्याध नाही ही. मोठं आतडं आतून सुजलंय. हा रोग गोळ्यांनी काबूत राहतो. बरं वाटलं तरी आपल्या मनानं सोडायच्या नाहीत." गोळ्या लागू पडल्या. निता सोयाबीन काढायला जाऊ लागली. नेमका तेव्हाच हरिचंद म्हणाला, "मावशी, बरी झाली ना सून? मग काहून गोळ्या चारून राहिल्या? माझं चूर्ण द्या, आग मुळातून काढतं."

रूपाबाईला पटलं. तिनंच गोळ्या बंद केल्या, तिनंच ताकातून चूर्ण पाजलं. "आत्याबाई, पोट पुन्हा कापून राहिलंय," निता म्हणाली, तर, "घाण निघून राहिली, निघू दे," असं हीच बोलली. विसाव्या दिवशी पोरगी मोरीत पडली, पांढरीफटक. दोन बाटल्या रक्त चढलं. आता गोळ्या निताच्या उशाशी असतात, सासूच्या हाती ती देत नाही. रूपाबाईला ते लागलं. बराबर आहे, हेही कळलं. म्हणून तर हे पोतं.

"या, बघा!" ती कडाडली. "ह्ये माझ्या सुनेचं आतडं. त्याच्यावर आग ओतणारा ह्यो शेजारी बसलाय. अन् ओतायला हात लावणारी बाई मीच!"

हरिचंदनं आवाज दाबला. "मावशी, धंद्याच्या वक्ताला तमाशा कशाला? घरी येऊन बोलतो."

"घरी माझी सून झोपलीय. तिच्यापुढं उभं राहायचं थोबाड हाय का तुझं?"

समोरच्या जलालुद्दीन बांगडीवाल्यानं आपलं स्टूल पुढं सरकवलं. "रूपाबाई, वर बसा. लोकांना नीट दिसंल."

चूर्णाची पुडी घेतलेला एक म्हातारा थबकला. "बाई, रक्त तर मलाबी पडतं."

"मग ते कुठून पडतं ह्ये आधी दवाखान्यात बघून घ्या, बाबा. मला डॉक्टरनं दाखवलं होतं, तरी मी ह्याचं ऐकलं."

मग तिनं हरिचंदच्याच डब्यातून चमचाभर चूर्ण काढलं अन् त्याच्या तोंडापुढं धरलं. "खा. माझ्या लेकरानं वीस दिवस खाल्लं, तू एकच चमचा खा."

"मला काय झालंय खायला?"

"न्हाई ना झालं? मग भ्यायला काय झालं?"

हरिचंदची नजर चमच्यावरून लोकांवर गेली, लोकांवरून चपलांवर. म्हाताऱ्यानं पुडी परत ठेवली. हरिचंद पाल सोडायला लागला.

निताचा नवरा देविदास आईला न्यायला आला. "याडी, झालं ना मनासारखं? चल आता."

"पुढचा बाजार कुठं धरतो ह्यो?"

"साखऱ्याला."

रूपाबाईनं कागदाची घडी कमरेला खोचली अन् हरिचंदला ऐकू जाईल असं म्हणाली, "मग साखऱ्याच्या जीपमधी माझी जागा धर."