लाल चौकट मोठ्यानं वाचणाऱ्या बाई

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हॉस्पिटलच्या वॉर्डात, औषधांच्या कपाटाशेजारी बसतो. माझ्या कळांवरची अक्षरं पुसली गेलीत, पंखा घरघरतो. पण पोटात हजारो रुग्णांची माहिती आहे. कुणाला कुठला आजार, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, सगळं! डॉक्टरांनी औषध लिहिलं की मी ते या माहितीशी ताडून बघतो. धोका दिसला की पडद्यावर लाल चौकट काढतो.

सुरुवातीला मला ऊठसूट इशारे द्यायला शिकवलं होतं. सर्दीची साधी गोळी लिहिली तरी लाल चौकट! डॉक्टर वैतागले. "याची आपली कायमची कटकट," म्हणत न वाचताच 'पुढे जा'ची कळ दाबू लागले. मी तरी काय करणार?

वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी मात्र हे मनावर घेतलं. औषधं देणारे काका आणि माझा इंजिनिअर यांना घेऊन त्या माझ्यापुढे ठाण मांडून बसल्या. फालतू इशारे काढून टाकले. वर नियम केला, लाल चौकट आधी मोठ्यानं वाचायची, मगच कळ दाबायची. "बाई पाढे म्हणतायत," असं म्हणून सगळे हसायचे. बाईही हसायच्या, पण नियम काही सोडला नाही. काय बाई हो ती!

एकदा एका बसचालक आजोबांना आणलं. तापानं फणफणलेले, छाती भरलेली, शुद्ध हरपलेली. सून रडवेली झाली होती.

"यांना कुठल्या औषधाचा त्रास?" बाईंनी विचारलं.

"छे हो, कधीच काही नाही!"

बाईंनी घाईनं पेनिसिलिन लिहिलं. मी लालेलाल झालो! तिकडे सिस्टरनी इंजेक्शन भरलंसुद्धा. आजोबांचा जीव टांगणीला आणि बाईंचं बोट कळेवर.

पण अंगात मुरलेली सवय! बाई मोठ्यानं वाचू लागल्या, "पेनिसिलिन देऊ नये. तरुणपणी घेतल्यावर घसा सुजला, श्वास कोंडला..."

"सिस्टर, थांबा!"

सिस्टरचा हात जागीच थांबला. दुसरं औषध दिलं आणि आजोबा वाचले.

घरी निघताना ते माझ्यापाशी बसलेल्या बाईंकडे आले. "डॉक्टर, मी तर शुद्धीवर नव्हतो. हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच, आजोबा. मागे पाय मोडून आला होतात, तेव्हा सिस्टरनी विचारलं होतं. यानं लक्षात ठेवलं."

आजोबांनी माझ्या डोक्यावर हळूच थोपटलं. खरं सांगतो, मी भरून पावलो.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा संगणक येतोय. माझ्याकडची सगळी माहिती त्याला देऊन मी निघणार. तुम्ही एवढंच करा. सिस्टर विचारतील तेव्हा "काही नाही हो" म्हणून उडवून लावू नका, नीट आठवून सांगा. ज्या दिवशी तुम्हाला बोलता येणार नाही, त्या दिवशी तुमच्या वतीनं आम्ही बोलू.